खिदमत बहूची, सवाब सगळ्यांचा

आमच्या शेंदूरजनाघाटात 'नर्सरी' म्हटलं की कोणाच्या डोळ्यांसमोर दवाखाना येत नाही, संत्र्याची कलमं येतात. जंबेरीचं रोप किती जाड झालं की डोळा भरायचा, बांधलेली पट्टी कधी सोडायची, पाणी किती द्यायचं, सावली किती ठेवायची, हे इथल्या शाळा सोडलेल्या पोरालाही पाठ असतं. ते त्याला कोणीतरी शेजारी बसवून शिकवलेलं असतं. "माझं झाडावर फार प्रेम आहे" एवढ्या भांडवलावर कोणी त्याच्या हातात कलमाचा चाकू देत नाही. दहा डोळे वाळले तर मालक हिशेब मागतो.

त्याच गावात, एखाद्या घराच्या आतल्या खोलीत, एक म्हातारा जीव धापा टाकत बसलेला असतो. उशाशी पंप असतो, वाफेचं मशीन असतं, कुठे कुठे ऑक्सिजनचं सिलिंडरही असतं. हे सगळं जिच्या हाती दिलेलं असतं, तिला त्यातलं काहीही कोणी शिकवलेलं नसतं. ती घरची बहू आहे, हीच तिची पात्रता. आणि इथे काही वाळलं तर कोणी हिशेब मागत नाही. "अल्लाहची मर्जी, वय झालं होतं" म्हणून विषय संपतो.

अल्लाहच्या मर्जीबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला आपल्या मर्जीबद्दल बोलायचं आहे. म्हाताऱ्या माणसांचा श्वास सांभाळणं हे कौशल्याचं काम आहे. आपण ते न शिकवता, न विचारता एका बाईच्या अंगावर टाकलं, त्याला 'खिदमत' असं पाक नाव दिलं आणि मोकळे झालो. काम तिचं, जागरण तिचं, सवाब मात्र पूर्ण खानदानाचा. ही वाटणी मला मान्य नाही, कारण त्यात बहूवर अन्याय आहेच, पण त्याहून मोठं नुकसान त्या धापा टाकणाऱ्या माणसाचं आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. या कामासाठी दोन्ही भाषांत चांगले शब्द आहेत. उर्दूत तीमारदारी. 'तीमार' हा फारसी शब्द, त्यात काळजीही आहे आणि देखभालही. मराठीत शुश्रूषा. मूळ संस्कृतात या शब्दाचा अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. ज्याची सेवा करायची, त्याचं आधी ऐकायचं. श्वासाच्या रोग्याच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरं आहे. त्याची घरघर, त्याचा खोकला, बोलताना वाक्य कुठे तुटतं ते, हे सगळं ऐकावंच लागतं. शब्द दोन्ही भाषांत आहेत, घरात मात्र ऐकणारा कोणी नाही.

मला बी.एड. करावं लागलं. लहान मुलांवर प्रेम आहे म्हणून मला कोणी वर्गात उभं केलं नाही. पाठ काढा, पाठ घ्या, मागे बसलेल्या बाईंची लाल शाई खा, मग शिक्षिका व्हा. आज तर पात्रता परीक्षाही द्यावी लागते. मुलाला बेरीज शिकवायला प्रशिक्षण लागतं आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला रात्री दोन वाजता धाप लागली तर काय करायचं, हे मात्र 'प्रेमाने आपोआप येतं', हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

आता रोगाबद्दल. आपल्याकडे छातीच्या सगळ्या दुखण्यांना 'दमा' हे एकच नाव आहे. त्यात खरा दमा वेगळा आणि डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात तो वेगळा. दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि पुन्हा सुटतात, तो लहानपणीही होतो. सीओपीडीत नळ्या आणि फुप्फुसं वर्षानुवर्षं झिजतात, ते झिजलेलं परत येत नाही. म्हणूनच तो उतारवयात गाठतो. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये भारताचा जो अभ्यास छापून आला, त्यात १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख असलेले सीओपीडीचे रुग्ण २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाल्याचं दिसतं. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या जुनाट रोगांचा जगभरातला जो भार आहे त्यात ३२ टक्के. त्याच अभ्यासात सीओपीडीच्या निम्म्याहून जास्त भाराचं कारण प्रदूषित हवा आहे, तंबाखूचा वाटा साधारण एक चतुर्थांश.

"बिडी ओढली असेल, भोगतोय" असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत. २००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला तो याच विषयावर होता: कधीही धूम्रपान न केलेल्यांचा सीओपीडी. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना अम्मी म्हणतो, आयुष्यात बिडीला हात लावला नाही. त्यांनी चाळीस वर्षं चूल फुंकली. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, बागेतल्या छाटणीची ओली लाकडं. मे २०१६ पासून उज्ज्वलाचं सिलिंडर घरोघर आलं, चांगलं झालं. पण न्हाणीचं पाणी तापवायची चूल आजही अंगणात पेटते, आणि चाळीस वर्षांचा धूर सिलिंडरने धुऊन निघत नाही. बायकांनी घरासाठी गिळलेला धूर आहे हा. त्याची भरपाई म्हणून आपण त्यांना काय देतो? "सारखं खोकत बसते" हा टोमणा.

पुरुषांचंही तेच. कापसाच्या जिनिंगमध्ये, कचऱ्यात आणि तंतूंत ज्यांची जवानी गेली, त्यांची छाती साठीत बोलायला लागते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात आणि १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या रोगांच्या यादीत त्याचं नाव आहे. किती घरांत त्या खोकल्याकडे कामाने दिलेला रोग म्हणून बघितलं जातं?

या रोग्याला घरी नेमकं काय लागतं ते सांगते. म्हणजे हे 'थोडं लक्ष ठेवणं' आहे की कसब, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

पंपापासून सुरुवात. अम्मींना पहिल्यांदा पंप दिला तेव्हा चिठ्ठीवर नाव लिहून मिळालं, मेडिकलमध्ये पिशवीत घालून मिळाला, पैसे घेतले गेले. तो घ्यायचा कसा, हे त्या दवाखान्यातल्या एकाही माणसाने दाखवलं नाही. दाबला की औषध जिभेवर आणि घशात बसायचं, फुप्फुसापर्यंत पोचायचंच नाही. मग घरात निष्कर्ष निघाला: "पंपाने काही फरक पडत नाही." काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी एका नर्सताईने दहा मिनिटं दिली. आधी पंप हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. मग हळूहळू आत ओढायला लागा आणि ओढता ओढता दाबा. दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. जमत नसेल तर मध्ये ती प्लास्टिकची नळी, स्पेसर, लावा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. कॅप्सूल टाकून घ्यायचा पावडरचा पंप जोरात ओढावा लागतो, दाबायचा पंप सावकाश. ज्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जोरच उरलेला नाही, त्याला पावडरचा पंप द्यायचा का, हे बघणंही याच कामात येतं. औषध तेच होतं. दहा मिनिटांनी ते औषध झालं, त्याआधी ती फक्त फवारणी होती.

बसवणं. धाप लागलेल्या माणसाला आपण प्रेमाने आडवं करतो: "लेट जाओ, आराम करो." त्याला आडवं करायचंच नसतं. खुर्चीवर बसवून, समोर टेबल किंवा मांडीवर उशी देऊन, कोपर टेकवून पुढे झुकवायचं. नाकाने श्वास घ्या आणि ओठ शीळ घालतो तसे आवळून हळूहळू सोडा, हे त्याच्याबरोबर स्वतः करून दाखवायचं. भोवती दहा माणसं गोळा झाली असतील तर आठ बाहेर काढायची. भीतीने श्वास आणखी तुटतो.

खाऊ घालणं. पडल्या पडल्या चमच्याने दूध पाजणं ही आपली माया. ते दूध श्वासनळीत उतरतं आणि तिथून न्यूमोनिया सुरू होतो. ताठ बसवून, छोटे घोट, हनुवटी किंचित खाली, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, त्याचं तोंड आणि दात रोज साफ करायचे. घाणेरड्या तोंडातले जंतूच पुढे फुप्फुसात जातात.

मोजणं. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास असतात. पंचविशीच्या पुढे गेले तर ते पहिली घंटा वाजवतायत. पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मागच्या वर्षी मी नववीच्या मुलांना हाच घरचा अभ्यास दिला होता: दादा-दादी किंवा नाना-नानींचे श्वास मोजून वहीत लिहा. काही वह्यांत आकडा पंचविसाच्या पुढे होता आणि त्या घरांत तोवर कोणालाच काही वेगळं वाटलेलं नव्हतं.

ऑक्सिजन. सीओपीडीच्या पुष्कळ रुग्णांसाठी बोटाच्या मशीनवर ८८ ते ९२ हा आकडा डॉक्टर मुद्दाम ठरवून देतात. घरचे बघतात, शेजाऱ्याचा ९८ येतो, आपल्या अब्बांचाच का कमी, आणि प्रेमापोटी सिलिंडरची चावी वाढवतात. अशा रुग्णात गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटतं, चला, झोप लागली. त्याच खोलीत जुमेरातीला लोबान फिरवला जातो, शेजारच्या घरात उदबत्ती, रात्री डासांची कॉइल. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते. बिडी सोडायला लावलेल्या माणसाच्या उशाशी आपण हे लावतो. आणि ऑक्सिजन चालू असताना जवळ ठिणगी म्हणजे सरळ आग.

१८५९ मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते नर्सेससाठी नव्हतं, घरात कोणाची ना कोणाची काळजी घ्यावी लागणाऱ्या साध्या बायकांसाठी होतं. त्याचं पहिलं प्रकरण औषधावर नाही, खोलीतल्या हवेवर आहे. ज्या गोष्टी तेव्हा घरोघर शिकवायच्या म्हणून लिहिल्या गेल्या, त्या आज माझ्या गल्लीत कोणी सांगत नाही.

आता त्या तीन वाक्यांकडे येते, ज्यांनी आपल्या घरातली म्हातारी माणसं वेळेआधी जातात.

पहिलं: "वय झालं, आता असंच चालणार." वयाने श्वास थोडा कमी पडतो हे खरं. पण काल अंगणापर्यंत चालणारा माणूस आज मोरीपर्यंत जाताना तीनदा थांबत असेल तर ते वय नाही, रोग आहे. वय एका आठवड्यात वाढत नसतं.

दुसरं: "पंपाची सवय लागते." चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी चष्मा काढून विहिरीकाठी चालतं का? पंपातलं औषध थोड्या मात्रेत थेट जागेवर जातं. त्याऐवजी ओळखीच्या माणसाकडून 'दम्याची पुडी' आणायची, तिच्यात काय मिसळलंय ते न विचारता वर्षभर खायची, याला मात्र आपण सवय म्हणत नाही.

तिसरं, आपल्या मराठीतलं: साठी, बुद्धी नाठी. या म्हणीइतकी घातक म्हण दुसरी नसेल. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तर दर वेळी ताप येत नाही, दर वेळी खोकलाही येत नाही. कधी कधी एवढंच होतं की तो अचानक असंबद्ध बोलायला लागतो, मुलाला ओळखत नाही, जेवण सोडतो. डॉक्टरकडे न्यायची तीच वेळ असते. आणि आपण हसून म्हणतो, "बुढापा आहे, सटकलंय थोडं." दोन दिवसांनी नेतो तेव्हा उशीर झालेला असतो.

रमजानचंही बोललं पाहिजे, कारण हे आपल्याच घरात घडतं. रोजा तुटेल म्हणून दिवसभर पंप बंद ठेवणारे बुजुर्ग प्रत्येक गल्लीत आहेत. पंपाने रोजा तुटतो की नाही, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, तो मसला तुम्ही तुमच्या मुफ्तींना विचारा. पण आजारी माणसाला रोज्यातून सूट खुद्द कुरआनने दिली आहे, आणि जो पुढेही कधी ठेवू शकणार नाही त्याच्यासाठी फिदया आहे. ज्याला सजद्यात वाकलं की दम कोंडतो, त्याला खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज आहे. दीनने दिलेली सवलत घेणं म्हणजे ईमान कच्चं असणं नव्हे. हे जुम्याच्या बयानात शाबानमध्येच सांगितलं गेलं पाहिजे, पंधरावा रोजा उलटल्यावर, कोणाला तरी ॲम्ब्युलन्समध्ये घातल्यावर नाही.

"एवढं सगळं घरच्या माणसांना कसं येणार?" असं कोणी विचारेल. येतं. आपण एकदा शिकलो आहोत. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ज्या जिल्ह्यांत आधी दिसली त्यांत आपला अमरावती होता. २२ फेब्रुवारीपासून इथे टाळेबंदी लागली, तेव्हा बाकीचा देश लग्नाच्या वराती काढत होता. त्या दोन-तीन महिन्यांत संत्र्याच्या व्यापाऱ्यापासून ऑटोवाल्यापर्यंत प्रत्येकाला बोटाचं मशीन वाचता यायला लागलं. पोटावर झोपवायचं कसं, हे न शिकलेल्या बायकांना समजलं. पुरुषांनीही केलं, कारण तेव्हा मरण पुरुषांच्या दारात उभं होतं. मशिदी, मंदिरं, मंडळं, सगळ्यांनी ऑक्सिजनची मशीनं गोळा केली. आज ती बोटाची मशीनं कपाटात आहेत, सेल गळून आतून हिरवी पडलेली. म्हणजे अडलं होतं ते बुद्धीत नाही, गरजेच्या जाणिवेत. जीव सगळ्यांचा धोक्यात होता तेव्हा सगळे शिकले. आता जीव फक्त म्हाताऱ्यांचा धोक्यात आहे, म्हणून वर्ग बंद.

आता आपल्या समाजाला एक प्रश्न. आपल्या आई-बहिणीला दवाखान्यात भरती केलं की आपण पहिल्यांदा काय मागतो? "लेडीज नर्स पाहिजे." बरोबर मागतो, तो हक्क आहे. मग तीच मुलगी बारावीला सायन्स घेऊन म्हणते, "अब्बू, मी नर्सिंगला जाते," तेव्हा काय म्हणतो? "रातपाळी असते, परक्या माणसांना हात लावावा लागतो, लोक काय म्हणतील." माझ्या शिकवण्याच्या वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते पाठ झालंय. दुसऱ्याच्या मुलीने रात्रभर जागून आपल्या आईचं तोंड पुसावं, आणि आपली मुलगी मात्र त्या कामाला लाजावी, हा कोणता इन्साफ?

मदीन्यात खंदकच्या लढाईच्या वेळी मस्जिदे-नबवीच्या आवारात जखमींसाठी एक तंबू होता. सीरतच्या ग्रंथांत तो रुफैदा अल-अस्लमिया या बाईंचा म्हणून नोंदला आहे. हजरत सअद बिन मुआज जखमी झाले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना त्याच तंबूत ठेवायला सांगितलं. मशिदीच्या आवारात, एका बाईच्या हाती, पुरुष जखमी. आपल्या मुलींना रुफैदांचं नाव परीक्षेत एका मार्काला विचारायचं आणि त्यांचं काम मात्र मना करायचं, हे चालणार नाही. आणि मुलींनाच का? नर्सिंगच्या जीएनएम आणि बी.एस्सी.ला मुलगेही जातात. अब्बांना कपडे बदलायला, उचलून बसवायला पुरुषाचे हात लागतात. दोन वर्षं 'काहीतरी बघतो' म्हणत चौकात बसलेल्या पोरांनी हे काम शिकलं तर त्यांचं पोटही भरेल.

घरातल्या पुरुषांनाही सांगायचं आहे. कुरआनमध्ये आई-बापांशी नरमीने वागायचा हुकूम मुलाला आहे, बहूला नाही. तुमच्या अम्मींची रात्र ही आधी तुमची रात्र आहे. बायको मदत करत असेल तर तो तिचा चांगुलपणा, तुमची सुट्टी नाही. अयादतला येणाऱ्या नातेवाइकांनीही हे ऐकावं. पाऊण तास बसून, चहा पिऊन, रुग्णाला बोलायला लावून दमवून जाण्यापेक्षा दोन तास थांबा आणि त्या बाईला झोपू द्या. तुमच्या अयादतीची त्या घराला तेवढीच गरज आहे.

सरकारला सोडणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींच्या वर होती. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच सुमारास, २०१०-११ मध्ये सुरू झाला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत ५ लाखांचं कवच आहे. ज्यांनी अजून कार्ड काढलं नसेल त्यांनी या आठवड्यात काढावं. पण हे कवच उघडतं कधी? माणूस भरती झाल्यावर. घरी महिन्याला लागणारा पंप त्यात नाही, स्पेसर नाही, घरी येऊन बघणारी नर्स नाही. भरती होईपर्यंत खर्च तुमचा, भरती झाल्यावर सरकारचा. जी बाई बरोबर पंप देऊन, ताठ बसवून, श्वास मोजून सासऱ्याची भरती टाळते, तिने सरकारचे हजारो रुपये वाचवलेले असतात. तिला त्या बदल्यात एक तासाचं प्रशिक्षणही मिळू नये?

लसीचंही तसंच. न्यूमोनियाची न्युमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर सरकारी लसीकरणात आली, बाळांसाठी. छान झालं. पण म्हाताऱ्यांना ती आणि दरवर्षीची फ्लूची लस खिशातून घ्यावी लागते. आणि घेता येते, हेच बहुतेकांना माहीत नाही. डॉक्टरांना विचारा. ते आपणहून सांगतील याची वाट बघू नका.

आपल्या उपकेंद्रांचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर आहे. तिथे द्यायच्या बारा सेवांत वृद्धांची काळजी कागदावर आहे. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात त्यात खोकला, धाप, घरातलं जळण, सगळं विचारलेलं असतं. म्हणजे सरकारला आजार माहीत आहे. विचारून झालं, लिहून झालं, मग पुढे? आशाताईंचा यात दोष नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच कामांचं ओझं आहे. मागणी वरच्यांकडे आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक आरोग्य मंदिरात महिन्यातला एक दिवस 'दमवाल्यांचा' ठेवा. त्या दिवशी नर्सने प्रत्येकाचा पंप बघायचा, त्याच्याकडून समोर ओढून घ्यायचा, श्वास मोजायचा, आणि बरोबर आलेल्या माणसाला शिकवायचं. रुग्णालयातून म्हाताऱ्या माणसाला घरी सोडताना कागदाबरोबर घरच्यांना अर्धा तास शिकवणं सक्तीचं करा. मशिदीच्या कमिटीने, मंदिराच्या ट्रस्टने, मंडळाने मशीन वाटायचं असेल तर शिकवल्याशिवाय ते देऊ नये. शाळांनी नववीपासून श्वास मोजणं आणि धाप लागलेल्याला बसवणं शिकवावं. आमच्या शाळेत ते मी करणारच आहे, परवानगीचा अर्ज दिलेला आहे. आणि प्रत्येक घराने ठरवावं की पंप, मशीन आणि रात्र या तीन गोष्टी घरातल्या निदान दोन माणसांना आल्या पाहिजेत, आणि त्यांतला एक पुरुष असेल.

हा लेख वाचून झाला की एक काम करा. तुमच्या घरात पंप घेणारं जे कोणी असेल, त्यांना म्हणा, "माझ्यासमोर घेऊन दाखवा." बरोबर घेतायत का ते बघा. तुम्हालाही माहीत नसेल तर त्यांना आणि तो पंप घेऊन उद्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि नर्सताईंना दाखवायला सांगा. दहा मिनिटं लागतात. त्या "वेळ नाही" म्हणाल्या तर तिथेच बसून राहा.